बाइकसाठी पहिलं लेदर जॅकेट आणि पँट घेताना नेमकं काय तपासायचं?

कच्चा_रस्ता

आतापर्यंत मेश, म्हणजे जाळीदार कापडाच्या जॅकेटवर भागवलं. आता लेदरचा टू-पीस घ्यायचाय. बरीच जॅकेटं हाताळून झाली आणि डोकं भंजाळलंय. कुणी जाडी सांगतं, कुणी लेबल दाखवतं, कुणी नुसता ब्रँड. बाइक ४०० सीसी नेकेड, म्हणजे समोर वारा अडवणारं कवच नसलेली. वापर रोजचा शहरातला आणि सुट्टीला हायवे, ट्रॅकवर जायचं नाही. वर्षातले बरेच महिने हवा गरम.

प्रश्न असे:

१. जाड तेवढं चांगलं, हे खरं का? १.० पासून १.४ मिमीपर्यंत सगळं दिसतं.
२. गाय, म्हैस, बकरी, कांगारू यात घेण्यासारखं काय?
३. लेबलवर एएए, एए, ए असतं, आणि आतल्या आर्मरवर, म्हणजे आघात झेलणाऱ्या पॅडवर, भलतेच आकडे. दोन्हींचा संबंध काय?
४. किती घट्ट घ्यायचं? दुकानदार म्हणतो, "सैल होतं नंतर."
५. भोकंवालं, म्हणजे परफोरेटेड घेतलं तर संरक्षण कमी होतं का?

उसवलेला_टाका

जाडीपासून सुरुवात करू नका, शिवणीपासून करा. चामडं घासून आरपार जायच्या आधीच शिवण उसवते, हे नेहमीचं दुखणं. आपटल्या क्षणी कोपर-खांद्यावर आतून एकदम दाब येतो आणि सगळा ताण शिवणीवर जातो. ती उघडली की चामडं कितीही जाड असो, मधल्या फटीतून कातडी रस्त्याला लागणारच.

दुकानात उभ्या-उभ्या करता येईल अशी तपासणी सांगतो. बाहीच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा आणि चामडं विरुद्ध दिशांना नेटाने ताणा. फट पडून दोरा उघडा दिसायला लागला, तर जॅकेट परत खुंटीला. चांगल्या शिवणीत दोन, मोक्याच्या जागी तीन ओळी असतात आणि त्यातली निदान एक आत झाकलेली असते. झाकलेली का? वर दिसणारा दोरा रस्त्यावर पहिल्या झटक्यातच घासून जातो. त्यानंतर जॅकेट धरून ठेवायचं काम आतल्या ओळीचं.

टाके किती जवळ आहेत तेही बघा. साधारण सेंटिमीटरला तीन-चार टाके ठीक. बारीक टाका दिसायला सुबक, पण सुईची भोकं इतकी जवळ आली की चामडं त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचाच हवा. सुती दोरा घामाने आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही.

शिवण कुठून गेलीय हे त्याहून महत्त्वाचं. कोपर वाकवा. जिथे हाड टेकतं, बरोबर तिथूनच जोड जात असेल तर तो नमुना दिसायला केलाय, पडायला नाही. नीट विचार केलेल्या जॅकेटात कोपराच्या आणि खांद्याच्या टोकावर एकसंध तुकडा असतो, बहुधा दुहेरी थराचा, आणि जोड आतल्या बाजूला वळवलेला. पँटीत हाच नियम गुडघा, नितंब आणि बसायच्या जागेला. रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेल्या डिझाइनपासून जरा लांबच राहा, जितके तुकडे तितके जोड.

जुना_चर्मकार

वरच्याशी सहमत. चामड्याचं मी सांगतो.

गायीचं १.१ ते १.३ मिमी हे रस्त्यासाठी नेहमीचं आणि पुरेसं. १.४ च्या पुढे वजन आणि ताठपणा वाढतो. माणूस दुसऱ्या आठवड्यात ते घालायचा कंटाळा करतो आणि जॅकेट खुंटीवर राहतं. म्हशीचं चिवट आणि टिकाऊ, पण जड आणि दाणा, म्हणजे वरचा पोत, जाडाभरडा. बकरीचं मऊ, पातळ असूनही बऱ्यापैकी दणकट, म्हणून हातमोज्यांना उत्तम. कांगारूचे तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे विणलेले असतात, त्यामुळे ०.८ ते १ मिमीतही ते चांगलं टिकतं. रेसचे सूट त्याचे करतात ते वजन वाचवायला. तुमच्या वापराला तो खर्च गरजेचा नाही. मेंढीचं मऊसूत नापा हे फॅशनचं, त्यात घसरायला जाऊ नका.

पण प्राण्याच्या नावापेक्षा कातड्याचा कुठला थर आहे ते विचारा. कातडं आडवं चिरून दोन-तीन थर करतात. वरच्या दाणेदार थरात तंतू दाट विणलेले असतात, ताकद तिथे असते. खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याच्यावर प्लॅस्टिकचा लेप आणि खोटा दाणा छापला की दुकानातल्या दिव्याखाली तो वरच्या थरासारखाच दिसतो. आणि चुरा चिकटवून केलेलं बाँडेड लेदर तर रेक्झिनचं भावंडच.

ओळखायचं कसं? कॉलरच्या आत किंवा खिशाच्या तोंडाशी कापलेली कड शोधा. वर घट्ट, बारीक तंतू आणि खाली जरा सैल, अशी असेल तर वरचा थर. पूर्ण जाडीभर मोकळे, केसाळ तंतू आणि वर वेगळा चकचकीत पापुद्रा दिसला तर स्प्लिट. दुसरं म्हणजे अंगठ्याने दाबून बघा. खऱ्या दाण्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात. लेपावर एक तर काहीच होत नाही, नाही तर एकच जाड घडी पडते. वास घेऊन ठरवू नका, हल्ली वासाचाही स्प्रे मारतात.

आणि जाडी विचाराल तेव्हा "कुठली जाडी" तेही विचारा. अस्तर, फोम आणि चामडं मिळून १.४ सांगणारे भेटतात.

लेबल_वाचक

तिसरा प्रश्न माझा. कपडा आणि आर्मर यांची मानकं वेगवेगळी आहेत, म्हणून आकडे जुळत नाहीत.

कपड्याचं युरोपीय मानक ईएन १७०९२, २०२० चं. वरून खाली वर्ग असे: एएए, एए, ए, बी, सी. बी म्हणजे घासण्याचं संरक्षण ए इतकंच, पण आर्मर नाही. सी म्हणजे नुसता आर्मर धरून ठेवणारा कपडा, उदाहरणार्थ आत घालायचा जाळीचा शर्ट. तो एकटा घालून रस्त्यावर जायचं नसतं.

चाचणीत कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा फिरत्या हाताला लावतात, ठरलेल्या वेगाने फिरवून काँक्रीटच्या लादीवर सोडतात, आणि तो थांबेपर्यंत आरपार भोक पडलं का ते बघतात. अंगाचे तीन झोन धरलेत. खांदा, कोपर, गुडघा, नितंब असे थेट टेकणारे भाग पहिल्या झोनमध्ये येतात. तिथला सुरुवातीचा वेग एएए ला १२० किमी, एए ला ७०, ए ला ४५. दुसऱ्या झोनला तेच ७५, ४५, २५. म्हणजे एएए जॅकेटाचा दुसरा झोनही एए च्या पहिल्यापेक्षा सरस. हे यंत्रावरचे वेग आहेत. "एए घेतलं म्हणजे ७० पर्यंत बिनधास्त" असा अर्थ काढू नका.

आर्मरचं मानक ईएन १६२१. त्याचा पहिला भाग सांध्यांसाठी, दुसरा पाठीसाठी, तिसरा छातीसाठी. पॅडवर ५० ज्यूलचा आघात करतात आणि पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. सांध्यांच्या लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल २ ला २० पर्यंत चालतं. पाठीला लेव्हल १ साठी १८ आणि लेव्हल २ साठी ९. आकडा कमी तितकं चांगलं, कारण तेवढंच हाडापर्यंत जातं.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: पाठीचा प्रोटेक्टर कुठल्याच वर्गात सक्तीचा नाही. एएए जॅकेटच्या पाठीत साधा स्पंज असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच. खिसा उघडा, पॅड बाहेर काढा. त्यावर मानकाचा क्रमांक आणि लेव्हल छापलेली नसेल तर तो पॅकिंगचा फोम समजा आणि त्याच मापाचा लेव्हल २ वेगळा घ्या. खिशाचं माप आधी मोजा, कंपनीगणिक आकार बदलतो.

पॅडवर आणखी एक खूण बघा: टी+ आणि टी−. ४० अंशांना आणि उणे १० ला चाचणी झाली असेल तर त्या असतात. ही चाचणी ऐच्छिक आहे. तुमच्याकडे हवा गरम आहे म्हणता, तर टी+ बघूनच घ्या. आघाताला कडक होणारे मऊ पॅड उन्हात आणखी मऊ पडतात.

कच्चा_रस्ता

खूपच कामाचं, आभार. आता खरा पेच सांगतो. दोन पर्याय उरलेत. एक १.४ मिमी गायीचं, शिवण दुहेरी दिसते, पण आत "सीई आर्मर" (सीई ही युरोपीय प्रमाणनाची खूण) एवढंच लिहिलंय, कपड्याचा वर्ग कुठेच नाही. दुसरं १.१ मिमी, एए, आर्मर लेव्हल १. पहिलं हातात घेतल्यावर जास्त भक्कम वाटतं.

लेबल_वाचक

दुसरं. "सीई आर्मर" म्हणजे पॅड प्रमाणित आहेत, जॅकेट नाही. ही चलाखी सर्रास चालते. प्रमाणित कपड्याच्या आत शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि वर्ग, तिन्ही असतात. दोऱ्याने लटकवलेल्या पुठ्ठ्याला काही किंमत नाही.

उसवलेला_टाका

मी एवढ्या ठामपणे नाही म्हणणार. लेबल नसलेली पण उत्तम शिवलेली जॅकेटं असतात, विशेषतः मापाने शिवून देणाऱ्या छोट्या कारागिरांची. चाचणीचा खर्च त्यांना परवडत नाही. पण त्यांना पारखायला नजर लागते, आणि पहिल्याच खरेदीला ती नसते. म्हणून उत्तर तेच, दुसरं घ्या. लेव्हल १ चे पॅड नंतर लेव्हल २ ने बदलता येतात, शिवण बदलता येत नाही.

चौथा_गिअर

माप. इथे दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. लेदर घेराला थोडं सैल होतं, लांबीला वाढत नाही. बाही आखूड असेल तर ती आखूडच राहणार.

आधी थंडीचं काढता येणारं अस्तर काढून ठेवा आणि पाठीचा प्रोटेक्टर आत घाला, मगच अंगात चढवा. प्रोटेक्टर दीड-दोन सेंटिमीटर जागा खातो. तो नसताना बरोबर बसलेलं जॅकेट नंतर छातीवर आवळतं.

उभं राहून ठरवू नका. बाइकवर बसा, हात हँडलला. रायडिंगचं लेदर बसलेल्या आकारात कापलेलं असतं, सरळ उभं राहिल्यावर खांद्यापाशी आणि पोटापाशी ओढल्यासारखं वाटणारच. बसल्यावर बाहीचं टोक मनगटाच्या हाडाच्या पुढे राहिलं पाहिजे आणि कंबरेपाशी पाठ उघडी पडता कामा नये.

आता आर्मर जागेवर राहतं का ते. दुसऱ्या हाताने बाही कोपराभोवती फिरवायचा प्रयत्न करा, जोर लावून. पॅड सरकून कोपराचं हाड उघडं पडलं, तर पडल्यावरही तेच होणार. मग त्या पॅडची लेव्हल कितीही असो, तो भलत्याच जागी असेल. गुडघ्याला हे जास्त होतं. उभं असताना पॅड बरोबर वाटीवर दिसतो, बसलं की वर सरकतो. म्हणून बसल्यावरच बघायचं. चांगल्या पँटीत पॅडच्या खिशाला वर-खाली दोन-तीन जागा असतात.

गुडघ्यामागे, काखेत, जांघेत ताणणारं कापड असतंच, त्याशिवाय हलता येणार नाही. पण ते आतल्या बाजूला राहिलं पाहिजे. बाहीच्या बाहेरच्या अंगाला वळून आलेला स्ट्रेच पॅनल दिसला की सोडून द्या.

आणि टू-पीस घेताय तर जोडणारी चेन पूर्ण कंबरेभोवती फिरणारी घ्या. पाठीमागची वीतभर चेनही नसण्यापेक्षा बरी, पण पायांकडून घसरलात की जॅकेट पोटावरून वर चढतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चेन बहुधा एकमेकींत बसत नाहीत, त्यामुळे जॅकेट-पँट एकाच ठिकाणची घ्यावी.

निवांत_पिलियन

यात बायकांसाठी जोड: पुरुषांचं लहान माप घेऊन भागत नाही. खांद्याला बसलं तर नितंबावर अडकतं, नितंबाला बसलं तर खांद्याचं पॅड दंडावर उतरतं, आणि कोपराचं मनगटाकडे. बायकांच्या कटमध्ये कंबरेखाली बाजूला चेन किंवा घडीचं लेदर असतं, ते असलेलंच बघा. छातीच्या आकारासाठी टाकलेली शिवण मात्र दुहेरी आहे का तपासा, तिथे बऱ्याचदा एकेरी टाक्यावर भागवतात. मागे बसणारीलाही हेच सगळं लागू. पडताना दोघं मिळूनच पडतात, पण लेदर बहुतेक वेळा पुढच्याच्याच अंगावर दिसतं.

भर_उन्हात

भोकांबद्दल. छाती, पोट आणि बाहीच्या आतल्या अंगाला भोकं असतील तर खुशाल घ्या. खांदा, कोपर, नितंबावर असतील तर नको. तिथे चामड्याचा प्रत्येक मिलिमीटर कामाचा आहे, आणि वारा तिथून तसाही फारसा आत जात नाही.

तुमची नेकेड बाइक आहे, छातीवर थेट वारा येतो, म्हणजे परफोरेटेडचा खरा फायदा तुम्हालाच. मोठ्या फेअरिंगमागे, म्हणजे वारा अडवणाऱ्या पुढच्या कवचामागे, बसणाऱ्याला तो निम्माही मिळत नाही. मात्र आतलं अस्तर जाळीचं हवं. वर भोकं आणि आत घट्ट विणीचं अस्तर अशी जॅकेटं मिळतात, त्यातून हवा कुठून जाणार? चामड्यापाशी तोंड नेऊन फुंकर मारा आणि दुसरा हात आत ठेवा. वारा हाताला लागला तर ठीक. आणि हवा बाहेर पडायला पाठीवर वाट हवी.

आत पूर्ण बाह्यांचा, घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक बेस लेयर घाला. सुती बनियन नको, ते ओलं होऊन चिकटतं. बेस लेयरमुळे घामाचं मीठ चामड्यात कमी मुरतं आणि जॅकेट अंगावर सहज चढतं-उतरतं. सिग्नलला थांबलात की कुठल्याही लेदरमध्ये उकडणारच, त्यावर इलाज नाही. रोजचा प्रवास बंपर-टू-बंपर असेल तर शहरासाठी ए किंवा एए चं मेश ठेवा आणि लेदर हायवेला. गरमीमुळे न घातलेल्या एएए पेक्षा घातलेलं ए बरं.

पावसाचं: लेदर वॉटरप्रूफ नसतं. वरून घालायचा रेनसूट बरोबर ठेवा, एक माप मोठा.

शांत_इंजिन

एअरबॅगचा विषय कुणी काढला नाही म्हणून. पाठीच्या पॅडवर पैसे घालण्यापेक्षा सरळ एअरबॅग व्हेस्ट, म्हणजे पडताना फुगणारं बिनबाह्यांचं जाकीट, घ्यावा असं माझं मत. छाती, पाठ, मान एकदम झाकली जाते.

चौथा_गिअर

मत मान्य, पण घट्ट लेदरच्या आत नको. चामडं ताणत नाही, त्यामुळे फुगलेली पिशवी बाहेर जायला जागा नसली की ती आत बरगड्यांवर दाबते, किंवा नीट फुगतच नाही. आत घालायचा असेल तर किती मोकळी जागा लागते ते व्हेस्टच्या माहितीपुस्तकात दिलेलं असतं. ते माप घेऊन जॅकेट निवडायचं, उलट नाही. वरून घालायचा व्हेस्ट असेल तर हा प्रश्न येत नाही. आणि एअरबॅग असली तरी पाठीचा पॅड काढून टाकू नये, जोवर बनवणारा स्वतः तसं सांगत नाही.

उसवलेला_टाका

हातमोजे आणि बूट विचारले नाहीत, पण बजेट जॅकेटवरच संपवू नका. पडताना हात आपोआप पुढे जातो.

हातमोज्याचं मानक ईएन १३५९४, लेव्हल १ किंवा २. केपी अक्षरं असतील तर बोटांच्या गाठींवरचं संरक्षणही तपासलेलं आहे. लेव्हल २ मध्ये ते लागतंच, १ मध्ये ऐच्छिक. मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून हातमोजा ओढा. निघाला तर बाद. तळहाताच्या टाचेला, म्हणजे मनगटाजवळच्या उंचवट्यावर, घसरणारा कडक तुकडा असला तर उत्तम. तिथे नुसतं लेदर असेल तर तळवा रस्त्याला धरतो आणि मनगटाचं हाड मोडतं.

बुटावर ईएन १३६३४ आणि चार आकडे असतात: उंची, घासणं, कापलं जाणं, आणि तळव्याचा आडवा ताठपणा. प्रत्येकी १ किंवा २. चौथ्याकडे कुणी बघत नाही, आणि बाइक पायावर पडते तेव्हा तोच कामाला येतो. बुटाचा तळ दोन्ही कडांनी हातात धरून चेपा. सहज चेपला तर तो चालायचा बूट आहे.

कच्चा_रस्ता

एए वालं जॅकेट बाइकवर बसून पाहिलं. बाही बरोबर, कोपराचं पॅड फिरत नाही, पण पाठीत तो स्पंजच निघाला! लेव्हल २ पॅड मागवतोय. शेवटचा प्रश्न: निगा कशी राखायची? आणि पँट सेकंडहँड मिळतेय, घेऊ का?

जुना_चर्मकार

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण उन्हात नेऊन बघा. गुडघ्यापाशी आणि जांघेत जिथे घडी पडते तिथे चामडं दुमडा. बारीक भेगा दिसल्या तर ते कोरडं पडून तुटायला लागलंय, तेल लावून ते परत येत नाही. एखाद्याच भागाचा रंग जास्त ताजा दिसला तर घासल्यावर रंगवलंय. अस्तर उलटं करून त्या जागची शिवण मागून बघा. आतले पॅड धरू नका हिशेबात, तारीख बघून बदलाच.

निगा म्हणजे मुख्यतः काही गोष्टी न करणं. भिजलं तर हीटर, ड्रायर, कडक ऊन काही नको. ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि ताठ होतं. रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत, वारा असेल तिथे दोन दिवस टांगा, सगळ्या चेन उघड्या ठेवून. किंचित दमट असतानाच कंडिशनरचा पातळ हात फिरवा. एरवी वर्षातून दोन-तीनदा पुरे. तेल चोपडू नका. जास्त तेलाने तंतू सैल पडतात, चामडं ताणतं, आणि मापाला घेतलेलं आर्मर जागेवरून हलायला लागतं.

मेलेले किडे खरवडायचे नाहीत. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवलं की सुटतात. घामाचे पांढरे डाग आतून येतात, त्यासाठी अस्तर सौम्य साबणाच्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकलंत तर पावसाळा संपेपर्यंत बुरशी. सुती चादर टाकून टांगून ठेवा.